ठाणे उतरणार का?

सकाळच्या डोंबिवली लोकलमधल्या माझ्या सहप्रवाशास,



हे पत्र उघडं लिहितो आहे, कारण तुम्ही जे बोलत आलात ते भर डब्यात, सगळ्यांच्या कानांवर पडेल असं बोलत आलात. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. नाव लिहिलं तर दोष तुमच्या एकट्याचा ठरेल आणि बाकीचे सुटतील. कल्याणच्या रिक्षा स्टँडवर, ठाण्यातल्या कचेऱ्यांत, डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या मीटिंगांत तुमचं वाक्य रोज कुणीतरी बोलतं. माझ्या कानात ते तुमच्या आवाजात बसलंय, म्हणून पत्र तुम्हाला.

वाक्य तुम्हाला पाठ आहे. कळवा मागे पडून खाडीचा पूल लागला, गाडीचा आवाज बदलला, की तुम्ही डब्यात नजर फिरवायचात. त्या दिवशी जो कुणी गप्प असेल, चिडलेला असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त बोलत असेल त्याला म्हणायचात, "ठाणे आलं रे, उतर. तुझी कॉट राखून ठेवलीय." सगळे हसायचे. मीही हसायचो. आपल्या ग्रुपबरोबर मी बारा वर्षं प्रवास करतोय. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं आपण मिळून बांधली आहेत. त्या बारा वर्षांत हे वाक्य किती वेळा कानावर पडलं याची मोजदाद नाही. पण ते माझ्याबद्दल असू शकतं हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसानंतरचं प्रत्येक वेळचं मला आठवतं.

महाराष्ट्रात हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पुण्याकडे येरवडा म्हणतात, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी आणि आपल्याकडे ठाणे. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं ही चारच. मंजूर खाटा येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४०, रत्नागिरीला ३६५. एवढ्या मोठ्या राज्यात एवढ्याच. तुम्ही ज्या सहजतेनं कॉट राखून ठेवता तितक्या सहज त्या मिळत नाहीत.

ठाण्याचं रुग्णालय १९०१ सालचं. बरीच वर्षं ते नरोत्तमदास माधवदास यांच्या नावानं ओळखलं जायचं. ते उभं राहिलं तेव्हा मनाच्या मोठ्या आजारांवर खात्रीचं औषध डॉक्टरांच्या हाती नव्हतं. लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली दाखवला, क्लोरप्रोमाझिन १९५२ च्या सुमारास आलं. त्याआधीची पन्नास वर्षं अशा ठिकाणी माणसाला सांभाळता यायचं, बरं करता येईलच असं नव्हतं. ‘ठाण्याला पाठवला’ याचा अर्थ ‘गेला तो गेला’ असा आपल्या आजी-आजोबांच्या मनात बसला तो तेव्हा. औषधं येऊन सत्तर वर्षं उलटली, माणसं उपचार घेऊन घरी परतायला लागली, आणि तुमचं वाक्य अजून त्या पन्नास वर्षांत अडकून पडलंय. मला त्याची चीड येते ती म्हणूनच. ते क्रूर आहेच, पण त्याहून आधी ते खोटं आहे.

आता माझं सांगतो. तुमच्या लक्षात राहिलेला मी आणि खरा मी यांची गाठ घालून द्यायला हवी.

चार वर्षांपूर्वी गुढीपाडव्याच्या आधीचा महिना आठवा. मी तुमचा सगळ्यात लाडका होतो तो महिना. रोज सगळ्यांना वडापाव खिलवायचो. नकला करायचो. भजनात मला कधी सूर सापडला नव्हता, तो मी गाण्याला गाणं जोडत मुलुंडपर्यंत गात सुटायचो. तुम्ही टाळ्या वाजवायचात आणि आणखी एक, आणखी एक म्हणायचात. त्या महिन्यात मी रात्री दोन-अडीच तासांवर झोपत नव्हतो आणि दमतही नव्हतो. डोंबिवलीची शोभायात्रा १९९९ पासूनची, सगळ्या महाराष्ट्राला तिनं वाट दाखवली. तिच्यात आपल्या डब्याचं पथक हवं असं माझ्या डोक्यानं घेतलं आणि मी कुणालाही न विचारता दीडशे फेट्यांची ऑर्डर देऊन आलो. क्रेडिट कार्डावर. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे त्यापायी गेले. फडके रोडवर पहाटे पाच वाजता मी अनोळखी मुलांना फेटे वाटत उभा होतो, आणि माझी बायको गणेश मंदिराच्या कोपऱ्यावर उभी राहून रडत होती. त्याला उन्माद म्हणतात. ते आजारपण होतं, आणि तुम्हाला ते फार आवडलं होतं.

पाडवा झाला, उन्हाळा सरला आणि पावसाळ्यात मी आतून विझलो. दाढी करायची तर वस्तरा उचलण्याआधी अर्धा तास आरशासमोर बसून राहायचो. डब्यात चढायचो ते सवयीनं. कोपर स्टेशन कधी गेलं, दिवा कधी आलं, कळायचं नाही. जगणं नको वाटत होतं, आणि तसं वाटतंय हे सांगायलाही जीभ उचलत नव्हती. तेव्हा एका सकाळी खाडीचा पूल आला, तुमची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. "ठाणे आलं रे, उतर." बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

त्याच आठवड्यात बायकोनं डॉक्टरांची वेळ घेतली होती. ठाण्यातच. मी गेलो नाही. जातो म्हणून घरातून निघालो, फलाटावर उतरलो, जिन्यापर्यंत गेलो आणि परतीच्या गाडीत बसलो. डोक्यात एकच होतं: उतरलो तर तुमचं म्हणणं खरं होईल. मी खरोखर गेलो तो पुढच्या फेब्रुवारीत, सात महिन्यांनी. त्या सात महिन्यांत मुलीनं माझ्याशी बोलणं जवळपास सोडलं होतं आणि ऑफिसात दोनदा ताकीद मिळाली होती. हे सगळं तुमच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. आजार माझ्या मेंदूतला आहे, माझ्या आजोबांनाही होता असं आता वाटतं. पण ते सात महिने ज्यांच्या हिशेबात मांडायचे त्यांत तुम्ही आहात, आणि तुम्हाला याची खबरही नाही.

डॉक्टरांनी बायपोलर असं निदान सांगितलं. उन्मादाची आणि नैराश्याची आलटूनपालटून येणारी लाट. लिथियम सुरू झालं. लोकांना वाटतं, निदान झालं, गोळ्या मिळाल्या की सुटला. अवघड भाग तिथून सुरू होतो. आजारात माणसाला आपण आजारी आहोत हे पुष्कळदा कळतच नाही. उपचारात ते रोज कळतं, सकाळ-संध्याकाळ, पाण्याच्या घोटाबरोबर.

लिथियमचं औषध म्हणजे एक क्षार. त्याचं रक्तातलं प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषबाधा. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन तपासायचं. सुरुवातीला सारखं, मग काही महिन्यांनी एकदा. मूत्रपिंड आणि थायरॉइडही तपासायचं. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, मीठ एकदम तोडलं, अंगदुखीसाठी परस्पर आयबुप्रोफेन घेतलं, तर प्रमाण चढतं. मे महिन्यात आपल्या डब्यात उभ्या माणसाच्या अंगातून किती घाम जातो ते तुम्ही जाणता. मी दोन-दोन बाटल्या पाणी घेऊन चढायला लागलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "वाळवंटात चाललास का?" मी उत्तर दिलं नाही.

आणि हात थरथरतात. अजूनही थोडे. एकदा तुमच्या थर्मासमधला चहा माझ्या हातून हिंदकळून शर्टावर सांडला. तुम्ही डोळा मारून म्हणालात, "रात्री जास्त झाली वाटतं." मी मान डोलावली. आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, पण दारुड्या ठरणं मला पेशंट ठरण्यापेक्षा सोपं वाटलं. आपल्या डब्यात दारूला माफी आहे. हँगओव्हरवर ताक सुचवतात, लिंबू सुचवतात. मनाच्या आजाराला कॉट.

सकाळची गोळी मला पोटात काही गेल्यावर घ्यावी लागायची, आणि नाश्ता मी गाडीत करायचो. म्हणून गोळ्या आवळासुपारीच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. एकदा डबी खिशातून काढली, आणि तुम्ही हात पुढे केलात. "दे की एक." माझ्या कानशिलांवर घाम फुटला. मी म्हटलं, संपली. डबीत काहीतरी खुळखुळत होतं, तुम्ही ऐकलं असेल. "कंजूष झालास हल्ली," असं म्हणून तुम्ही हात मागे घेतलात. त्या दिवसापासून मी डबी आणणं सोडलं. मग सकाळची गोळी राहू लागली, मग रात्रीचीही, आणि आठव्या महिन्यात मी स्वतःच ठरवलं की आपण बरे आहोत. पुढच्या दोन महिन्यांत उन्माद परत आला. या वेळी फेटे नव्हते. या वेळी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन कंपनी कशी चालवायची ते दीड तास समजावून सांगितलं. नोकरी वाचली ती एका सहकाऱ्यामुळे. त्यानं मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं आणि हातात फाईल धरून बाहेर चार तास बसून राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याच्याबरोबर मी तुम्हाला तोलतो आहे, हे स्पष्ट लिहितो.

शरीराचं सांगून झालं. मनाचं सांगणं जास्त कठीण आहे, आणि हे पत्र खरं त्यासाठी आहे.

उपचार घेताना पहिल्यांदा माणूस स्वतःच्या आनंदावर संशय घ्यायला शिकतो. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण पोरापोरींची गर्दी बघून मला भरून आलं, बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं: जास्त बरं वाटतंय का? काल झोप किती झाली? बोलणं वेगानं होतंय का? मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा पेढे आणायला धावत सुटलो आणि नाक्यावर थांबून, भिंतीला हात टेकून, आधी नाडी मोजली. तुम्हाला एखादी सकाळ उगाच छान वाटते तेव्हा तुम्ही ती सकाळ घेऊन टाकता. मला तिची पावती तपासावी लागते.

घरचेही तपासतात. मी कशावर चिडलो, रास्त कारणानं चिडलो, तरी स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, "गोळी घेतलीत का?" प्रेमानंच विचारायची बायको. पण त्या तीन शब्दांत माझा राग माझा राहायचा नाही, आजाराचा व्हायचा. यावर आम्ही खूप भांडलो. मग समुपदेशकांसमोर बसून दोघांनी एक तह केला. ती गोळीचं विचारणार नाही, "झोप किती झाली?" एवढंच विचारेल, आणि त्याचं मी खरं उत्तर देईन. एका प्रश्नाच्या जागी दुसरा आला, बस्स. पण घरात श्वास घेता येऊ लागला. रोज रात्री एका वहीत मी दोन आकडे लिहितो, झोपेचे तास आणि मनाची उंची, उणे पाच ते अधिक पाच. गेले अकरा महिने आकडे उणे दोन आणि अधिक दोन यांच्या बाहेर गेलेले नाहीत. त्या वहीचा मला जितका अभिमान आहे तितका कुठल्याच प्रमाणपत्राचा नाही.

आणि एक शोक असतो, त्याबद्दल कुणी विचारत नाही. फेटे वाटणारा तो माणूस गेला. तो मला कधी कधी हवा असतो. त्याला भीती नव्हती, त्याला गाता येत होतं. हल्ली डब्यात भजन सुरू झालं की मी ओठ मिटून टाळ वाजवतो, आणि तुम्ही म्हणता, "पूर्वीची मजा नाही राहिली तुझ्यात." नाही राहिली. ती मजा माझ्या मुलीच्या पैशांवर चालली होती. मी तिला गोळी-गोळीनं निरोप दिलाय, आणि तो देताना मला रडू आलंय.

ठाण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. तुम्ही ज्या गावाचं नाव घेऊन माणसाला गप्प करता, त्याच गावात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. मनाबद्दल मराठीत, चारचौघांत, नाट्यगृहं भरवून बोलता येतं हे या गावानं दाखवलं. अल्बर्ट एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र कि. मो. फडके यांनी मराठीत आणलं, तेच आज इथले अनेक समुपदेशक वापरतात. माझ्या समुपदेशकांनीही वापरलं, आणि वापरलं ते तुमच्यावरूनच. त्यांनी विचारलं, "ते वाक्य ऐकल्यावर तुमच्या मनात नेमकं काय येतं?" मी म्हटलं, "त्यांनी असं बोलताच कामा नये." ते म्हणाले, "ते तर बोलतात. बोलत राहतील. ‘बोलताच कामा नये’ हा तुमचा हट्ट, त्याच्या जागी ‘बोलले नाहीत तर बरं होईल, बोलले तरी मी कोसळणार नाही’ हे ठेवून बघा." मला जमायला पाच महिने लागले. आता जमतं. तुमचं वाक्य आलं की आज माझे हात त्यानं थरथरत नाहीत, लिथियमनं थरथरतात.

मग पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. समुपदेशकांनीही विचारलं. मी त्यांना म्हटलं, माझ्या मनाची डागडुजी मी केली, पण त्या डब्यात आणखी कुणीतरी आहे. जिन्यापर्यंत जाऊन परत फिरणारा. तो कोण ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं बारा राज्यांत मोठं सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र आपल्याला परकं नाही: वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के माणसांना उपचारच मिळत नव्हते. डॉक्टर कमी, पैसा कमी, अंतर जास्त, अशी पुष्कळ कारणं त्यामागे आहेत. पण डोंबिवलीहून ठाणं गाडीनं अर्ध्या तासाच्या आतलं. त्या माणसाला अडवणारं अंतर रुळांवरचं नाही. आपल्या डब्यातल्या त्या माणसाला अजून डॉक्टरांचा जिना चढवत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी इथे छापतोय तो त्याच्यासाठी. तुम्ही तो मोठ्यानं वाचलात तरी चालेल. तुमचा आवाज डब्याच्या शेवटपर्यंत पोचतो.

गेल्या वर्षी मी एक काम केलं. माझे डॉक्टर शहरात बसतात, मनोरुग्णालयात मी कधी गेलो नव्हतो. पण बारा वर्षं ज्याची भीती घातली ते आहे तरी काय, बघून यावं म्हणून रजा टाकून गेलो. फाटकातून आत बाह्यरुग्ण विभागापर्यंत. जुनी झाडं आहेत. रांग होती. पालघरकडची, रायगडकडची माणसं पहाटेच्या गाड्या पकडून आली होती, मांडीवर फायली, पिशवीत डबे. एक म्हातारी आपल्या पन्नाशीच्या मुलाच्या शर्टाचं वरचं बटण लावून देत होती आणि तो तिला आतल्या खिडकीवर नंबर कसा लागतो ते समजावत होता. अर्धा तास बसलो. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. सरकारी दवाखान्याची रांग असते तशी रांग होती. त्या रांगेतल्या बहुतेकांना औषध घेऊन संध्याकाळी घरी जायचं होतं. तुमच्या वाक्यातली कॉट मला कुठं दिसली नाही. दिसल्या असत्या तरी त्यांवर कुणाचे तरी आई, भाऊ, मुलगे असते, आणि त्यांतले काही असे की बरे होऊनही न्यायला कुणी येत नाही. का येत नाही, याचा विचार तुम्ही पुलावर करा. तुमच्या वाक्याला वीस वर्षं हसलेलं घर आपल्या माणसाला परत आणायला कुठल्या तोंडानं जाईल?

तुमच्या वाक्यातला एक शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो तो ‘पाठवा’. कधी ‘उतर’ म्हणता, कधी ‘याला ठाण्याला पाठवा’. पाठवणारा कुणीतरी वेगळा, जाणाऱ्याला विचारायचं नाही. १९१२ चा कायदा बराचसा तसाच होता, त्याच्या इंग्रजी नावातच वेडेपणा होता. १९८७ साली तो बदलला, २०१७ साली पुन्हा बदलला आणि २९ मे २०१८ पासून नवा लागू झाला. आजच्या कायद्याचा पाया पेशंटच्या संमतीचा आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायला कडक अटी आहेत. आरोग्य विम्यातही शरीराच्या आजाराला जे, तेच मनाच्या आजाराला, असं कलम २१ सांगतं. आणि बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की मला पुन्हा त्रास झाला तर काय करावं, काय करू नये, माझ्या वतीनं कोणी बोलावं. मी मसुदा केलाय. सलग तीन रात्री झोप चार तासांच्या खाली गेली तर डॉक्टरांना फोन. एटीएम कार्ड बायकोकडे. माझ्या वतीनं ती बोलेल. तो कागद लिहिताना पहिल्यांदा मला वाटलं की आजार माझ्या घरात राहतो, मी त्याच्या घरात राहत नाही.

मला कुणी पाठवलं नाही. एकदा जिन्यावरून परतलो, पुढच्या वेळी स्वतःच्या पायांनी चढलो. तुमच्याकडून मला माफी नको आहे. एवढंच हवंय की ‘पाठवा’ हा शब्द तुमच्या तोंडी आला की जाणारा माणूस कसा गेला ते तुम्हाला आठवावं.

ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये एक नवं स्टेशन व्हायचं आहे, हे तुम्ही वाचलं असेल. ते मनोरुग्णालयाच्या जमिनीच्या एका तुकड्यावर उभं राहणार आहे. जमिनीचा अडसर मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ साली दूर केला. म्हणजे एक दिवस आपली गाडी खरोखरच त्या आवारात थांबेल आणि वागळे इस्टेटला नोकरीला जाणारी, मुलांना शाळेत सोडणारी, भाजी घेऊन परतणारी हजारो माणसं रोज तिथे उतरतील. त्यांच्यात फाईल घेतलेला कोण आणि डबा घेतलेला कोण, तुम्हाला ओळखता येणार नाही. त्या दिवशी तुमच्या वाक्याचं काय होतं ते बघायला मी डब्यात असेन.

तोपर्यंतचं कळवतो. पुढच्या मंगळवारी माझी रक्ततपासणी आहे आणि नंतर डॉक्टर. आजवर अशा मंगळवारी मी मागच्या डब्यात चढायचो, किंवा मुलुंडपर्यंत पुढे जाऊन उलटा यायचो, तुमच्यापैकी कुणी बघू नये म्हणून. या मंगळवारी आपल्याच डब्यात चढणार आहे. रिपोर्टांची फाईल मांडीवर ठेवणार आहे, झाकून नाही. गोळ्यांची पट्टी वरच्या खिशात असेल. खाडीचा पूल आला की उठेन. तुमच्या गुडघ्यांवरून जावं लागेल, तेवढी वाट द्या. दाराशी गर्दी असते. मागून कुणीतरी खांद्याला हात लावून विचारेल, हजारो माणसं रोज एकमेकांना विचारतात तसं, "ठाणे उतरणार का?"

"हो," मी म्हणेन, "ठाणेच."

आपला,
तुमच्या समोरच्या सीटवरचा